अकरा दिवसांनी सुटलेली टेकडी

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक ४४ वर्षांच्या आहेत. पुण्यात कोथरूडला, सहाव्या मजल्यावर राहतात. नवरा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई असं घर आहे. नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत. आठवड्यातले दोन दिवस हिंजवडीला, तीन दिवस घरून, आणि अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंगा रात्री अकरापर्यंत. बालपण संगमेश्वरजवळच्या गावात, त्यांच्याच शब्दांत, "पऱ्ह्यात (म्हणजे ओढ्यात) आणि आंब्याखाली" गेलं. गेली दोन वर्षं झोप नीट नाही, चिडचिड होते, तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, जरा बाहेर पडत जा. डिसेंबरअखेर त्या पहाटे साडेपाचला टेकडीवर जाणाऱ्या एका ग्रुपमध्ये सामील झाल्या. अकरा दिवस गेल्या. मग मुलाची पूर्वपरीक्षा आली. एक दिवस बुडाला, मग तीन, मग सुटलंच. बूट रॅकमध्ये पडून आहेत. ग्रुपवर रोज सूर्योदयाचे फोटो येतात आणि ते बघून स्वतःचाच राग येतो. मैत्रीण मे महिन्यात हिमालयातल्या ट्रेकला चल म्हणते आहे. नवऱ्याचं म्हणणं, मुळशीकडे छोटा प्लॉट घेऊ आणि शनिवार-रविवार तिथे जाऊ. सासूबाई गुडघ्यांमुळे घरातच असतात, खिडकीशी बसून असतात. त्यांना सोडून जाताना जिवाला लागतं. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "माझ्यात शिस्तच नाही का? आणि घर, माणसं, कामं सोडून स्वतःसाठी झाडाखाली जाऊन बसणं हा स्वार्थ नाही का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी एक कागद घेतला आणि तुमचा दिवस त्यावर मांडून बघितला. रात्री अकराला मीटिंग संपते. मग ओटा आवरणं, सकाळच्या डब्याची भाजी निवडून ठेवणं, सासूबाईंनी गोळी घेतली का ते बघणं. पाठ टेकायला पावणेबारा होतच असणार. साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी पोचायचं म्हणजे गजर पावणेपाचचा. पाच तासांची झोप, आणि तीही जिला मुळात झोप लागत नाही अशा बाईची. एवढ्या झोपेवर तुम्ही ऐन थंडीत अकरा दिवस टेकडी चढून आलात. याला शिस्त नसणं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ती वेळ तुमची नव्हती. ग्रुपची होती. त्यातले बरेच जण रात्री दहाला झोपणारे असतील, काही निवृत्त असतील. त्यांना ती वेळ मानवते. तुम्ही मात्र तो तास झोपेतून कापून काढला होता, आणि झोपेतून काढलेलं फार दिवस टिकत नाही. मुलाची परीक्षा हे निमित्त झालं. ती नसती तर सर्दी आली असती, पाहुणे आले असते.

पहाटेच्या टेकडीला पुण्यात मोठा मान आहे आणि तो रास्तच आहे. पण ज्यांना ती जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगते. थंडीत पहाटे जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही. गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर तिच्यात अडकून राहतो आणि ऊन पडून जमीन तापली की मगच मोकळा होतो. म्हणजे साडेपाचची हवा आठच्या हवेपेक्षा चांगली असेलच असं नाही. आणि ड जीवनसत्त्व म्हणाल तर ते अंधारात मिळत नाही. त्वचेत ते तयार करणारे किरण कोवळ्या उन्हातही फार थोडे असतात, ऊन वर चढल्यावर वाढतात. डॉक्टरांनी त्यासाठी गोळ्या दिल्या असतील तर त्या नेमानं घ्या. गोळीचं काम झाडावर टाकू नका. झाडाचं काम वेगळं आहे.

सवयीबद्दलही तुमचा एक समज मला खोडून काढावासा वाटतो. एक दिवस बुडाला म्हणजे सगळं पहिल्यापासून, असं आपण धरून चालतो. उपास मोडावा तसं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी छोटी गोष्ट करायला लावली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं. २०१० साली हा अभ्यास छापून आला. मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. कुणाचं १८ दिवसांत झालं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं काही बिघडत नव्हतं. तुमचे ते अकरा दिवस वाया गेलेले नाहीत. तुम्ही फक्त अशा वेळी थांबलात, जेव्हा कुणाचीही सवय लागलेली नसते.

आता हिमालय आणि मुळशी.

हिमालयात जावंसं वाटत असेल तर जरूर जा. बर्फ बघायला जा, मैत्रिणीसोबत आठ दिवस हसायला जा. मात्र आज एप्रिल सुरू आहे. चार आठवड्यांत पायांची आणि दमाची तयारी होत नाही, आणि उंचावरची विरळ हवा तयारी न केलेल्याला त्रास देते. पुढच्या वर्षीचं ठरवलंत तर अंगाला सोसेल. पण झोपेसाठी आणि चिडचिडीसाठी म्हणून जाणार असाल तर मला शंका आहे. दहा दिवसांनी तुम्ही त्याच सहाव्या मजल्यावर, त्याच अकराच्या मीटिंगला परत येणार. उरणार ते फोटो, आणि ग्रुपवरचे सूर्योदय बघून आज जे वाटतं तेच मग स्वतःचे फोटो बघून वाटेल.

मुळशीच्या प्लॉटबद्दल मी जास्त स्पष्ट बोलते, कारण हे माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांत झालेलं मी पाहिलं आहे. पहिलं वर्ष कुंपण, बोअरवेल आणि राखणदार शोधण्यात जातं. दुसऱ्या वर्षी शनिवारी दुपारी चांदणी चौकातून बाहेर पडायलाच तास जातो. तिथे पोचल्यावर चूल कुणी पेटवायची, गाद्यांना ऊन कुणी दाखवायचं, आठ माणसांची पिठलं-भाकरी कुणी करायची, हे नवऱ्याशी आधी बोलून घ्या. बाईसाठी ते दुसरं घर होतं आणि घराबरोबर घरकामही दुसरं येतं. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, ते तुमच्यासाठीच सुचवताहेत, हे मला कळतं. त्यांना एवढंच सांगा की आधी सहा महिने दर शनिवारी माझ्याबरोबर टेकडीवर या. त्यानंतरही जमीन हवीशी वाटली तर बघू.

या दोन्ही पर्यायांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती तुमच्या पत्रातही जागोजागी आहे. निसर्ग म्हणजे जिथे जायला रजा, गाडी, पैसे किंवा गजर लागतो अशी जागा, असं तुम्ही मानून चालला आहात. तुमच्या लहानपणी तसं नव्हतं. पऱ्ह्यात जायला तुम्ही कधी वेळ काढला होता का? शाळेतून येताना तो वाटेत होता. आंब्याखाली बसायचं कुणी ठरवलं नव्हतं, अंगणातून बाहेर पडलं की आंबाच होता. ते सुख रोज मिळायचं कारण ते पायवाटेवर होतं. कोथरूडमध्ये पऱ्ह्या नाही, पण तुमच्या रोजच्या वाटेवर झाडं नाहीत हे मी मानणार नाही. जुन्या बंगल्यांच्या गल्ल्या अजून थोड्याफार शिल्लक आहेत. सोसायटीच्या भिंतीलगत कडुलिंब, करंज, गुलमोहर, यांतलं काहीतरी असतंच.

आणि स्वार्थाचं. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न हाच आहे. पहिला प्रश्न तुम्ही विचारलात तो हा दुसरा विचारायचा धीर यावा म्हणून.

व्यायामाला आपण स्वार्थ म्हणत नाही. जिमचे पैसे भरले, दहा हजार पावलं झाली, दोन किलो उतरले, हे घरात सांगता येतं. झाडाखाली वीस मिनिटं नुसती उभी होते, हे सांगता येत नाही. त्याचा हिशेब देता येत नाही म्हणून ते चोरीसारखं वाटतं. आपल्या पिढीतल्या बायकांना रिकामं बसलेलं दिसायची फार भीती असते. गच्चीवर गेलो तरी हातात वाळवणाचं ताट घेऊन जातो.

माझं सांगते. माझी आई शेवटची दीड वर्षं अंथरुणाला खिळून होती. वाचाही गेली होती. सकाळी आठला मदतीच्या बाई यायच्या, त्या आईला पुसून घेईपर्यंत मला वीस मिनिटं मिळायची. ती वीस मिनिटं मी फोन, बिलं, औषधांची यादी यात संपवून टाकायचे आणि दिवसभर आईवर, बाईंवर, सगळ्यांवर खेकसायचे. फेब्रुवारीतली गोष्ट. दूध आणायला खाली उतरले होते. फाटकाजवळच्या गुलमोहराखाली उभी असताना खांद्यावर काहीतरी भुरभुरलं. बघितलं तर लाकडाचा भुसा. वर एक वाळकी फांदी होती, आणि तिच्या खालच्या अंगाला चिमणीएवढा हिरवा पक्षी चिकटून चोचीनं भोक पाडत होता. कपाळावर कुंकू फासावं तसा लाल डाग, गळा पिवळाधमक. तांबट. ज्याचं टुक्‌ टुक्‌ मी जन्मभर ऐकत आले, तो मला ५३ व्या वर्षी पहिल्यांदा दिसला. चार टोले द्यायचा, जरा मागे सरून बघायचा, चोचीतला भुसा मान झटकून टाकायचा, पुन्हा चार टोले.

दुसऱ्या दिवशी मी तो बघायला गेले. आठवड्याभरात त्याचं डोकं भोकात जायला लागलं. मग खांदे. मग एक दिवस तो आख्खा आत शिरला आणि फक्त शेपटीचं टोक बाहेर राहिलं. मी वर येऊन आईला रोज सांगायचे, आज इथपर्यंत गेला. आईला बोलता येत नव्हतं. ती उजव्या हाताच्या बोटानं पलंगाच्या कडेवर ठोके द्यायची. टुक्‌, टुक्‌, टुक्‌. म्हणजे, पुढे सांग. मार्चअखेर सोसायटीनं वाळक्या फांद्या उतरवायला माणसं बोलावली तेव्हा मी सेक्रेटरींना जाऊन विनवलं, ही एक फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या. राहिली.

त्या वीस मिनिटांनी मी आईपासून काही काढून घेतलं असं मला आजही वाटत नाही. तेव्हा आईला देण्यासारखं माझ्याकडे जे काही होतं, ते मी तिथूनच आणत होते.

म्हणून आता सासूबाईंकडे वळते. पत्रात त्या तुमची अडचण म्हणून येतात, "त्यांना सोडून कसं जायचं" या वाक्यात. पण तुम्हीच लिहिलं आहे की त्या दिवसभर खिडकीशी बसतात. का बसत असतील? १९८४ साली रॉजर उल्रिख नावाच्या अमेरिकन संशोधकाचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यानं ताडून पाहिल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखणं थांबवणारी जोरदार औषधं कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला जे आपसूक समजलेलं असतं, ते त्यात कागदावर आलं आहे. बाहेरची ओढ तुम्हा दोघींनाही आहे. त्यांचे गुडघे चढउतार सोसत नसतील, पण लिफ्ट आणि फाटकाजवळचा बाक सोसेल. बाक नसेल तर घडीची खुर्ची खाली न्या. आणि त्यांना झाडांची नावं विचारा. ज्या बाईनं पन्नास वर्षं मंगळागौरीची, हरतालिकेची पत्री गोळा केली, तिला आघाडा, दूर्वा, शमी, केवडा ओळखायला ॲप लागत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. मी तुम्हाला एकच वेळ आणि एकच जागा ठरवायला सांगेन.

वेळ शोधताना नवा तास काढू नका. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटाला हे बांधा. घरून काम असलेल्या तीन दिवशी तुमचा संध्याकाळचा सहाचा चहा होतो आणि मीटिंगा साडेसातला सुरू होतात, असं पत्रात आहे. चहाचा कप विसळून पालथा घातला की पायात चपला. एवढाच नियम. "जमेल तेव्हा जाईन" म्हटलं की मन रोज वाटाघाटी करतं. "कप विसळला की" म्हटलं की वाटाघाटीला जागा उरत नाही. सध्या पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, सहाला ऊन कललेलं असतं. हिंजवडीच्या दिवशी संध्याकाळ वाहतुकीत जाते, तेव्हा तिथे डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं इमारतीच्या बाहेर, जे झाड असेल त्याच्या सावलीत उभ्या राहा. एप्रिलच्या भर दुपारी यापेक्षा जास्त नको.

जागा एकच का, तर बदल दिसावा म्हणून. रोज नव्या बागेत गेलात तर प्रत्येक बाग सारखीच दिसेल. एकाच झाडाकडे गेलात तर कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते दिसायला लागतं, आणि उद्या काय होईल ही उत्सुकता पाय ओढून नेते. मला शिस्तीपेक्षा या उत्सुकतेवर जास्त भरवसा आहे. आत्ता चैत्र आहे. पिंपळाची पालवी तांबूस असते, उन्हात धरली तर आरपार दिसते. कडुलिंबाच्या मोहोराला संध्याकाळी मंद गोड वास येतो. बहावा फुलायला लागतो, ताम्हणाच्या जांभळ्या फुलांचे तुरे दिसायला लागतात. पुढे मृगाच्या सरीनंतर मातीत लाल मखमली किडे निघतील. ऑक्टोबरात संध्याकाळी सातविणीचा उग्र वास गल्ली भरून टाकेल. नोव्हेंबरात धोबी पक्षी शेपटी हलवत मैदानावर उतरतील. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात मुलाला घेऊन कवडीपाटला किंवा पाषाण तलावावर जाऊन या. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा पानं गाळून नुसते लाल होतात. या वर्षी पूर्वपरीक्षेच्या गडबडीत तुमचे ते बघायचे राहिले असणार.

किती वेळ? मिशिगनमध्ये ३६ शहरी माणसांना आठ आठवडे सांगितलं होतं की आठवड्यातून तीनदा, निदान दहा मिनिटं, हिरवळ असेल अशा ठिकाणी जा. जागा आणि वेळ तुम्ही निवडा, पण तेवढ्या वेळात व्यायाम, फोन, गप्पा, वाचन नको. त्यांच्या लाळेतलं ताणाचं रसायन मोजलं. ते सर्वांत झपाट्यानं उतरत होतं २० ते ३० मिनिटांच्या भेटीत. २०१९ चा अभ्यास आहे. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या जवळजवळ २० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारी माणसं आपली तब्येत बरी आहे, मन बरं आहे असं जास्त प्रमाणात सांगत होती. हे दोन तास एकदम काढले की तुकड्यातुकड्यांनी, यानं फरक पडत नव्हता. अर्थात बरी असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील हेही शक्य आहे, म्हणून १२० हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा धरू नका. पण तुमचे तीन दिवस वीस-वीस मिनिटं, हिंजवडीचे दोन दिवस दहा-दहा आणि शनिवारी तास-दीड तास धरला तर तिथे सहज पोचता.

फोन घरी ठेवा असं मी सांगणार नाही. घरात वयस्कर माणूस आहे, फोन लागेल. तो आवाज बंद करून खिशात राहू द्या. पावलं मोजू नका. फोटो काढायचाच तर एक काढा, ग्रुपवर टाकू नका. आणि त्या सूर्योदयाच्या ग्रुपमधून बिनदिक्कत बाहेर पडा. "सध्या माझी वेळ संध्याकाळची आहे, सर्वांना शुभेच्छा" एवढं लिहिलं की झालं. कुणालाही वाईट वाटत नाही.

शनिवारची टेकडी. वेताळ टेकडी तुम्हाला जवळ आहे. ८०० मीटरच्या आसपास उंची, पुण्यातला सर्वांत उंच माथा. वर वेताळाचं देऊळ आहे, जुन्या खाणीत पाणी साठतं, मोरांचा आवाज ऐकू येतो. उन्हाळ्यात सकाळी सातला चढा आणि साडेआठला खाली या. एकट्या जाऊ नका, रुळलेली वाट सोडू नका, अंधार पडायच्या आत उतरा. बाईनं टेकडीवर एकटीनं निर्धास्त बसावं अशी परिस्थिती आज नाही, आणि मोकळेपणाचा सल्ला देताना हे न सांगणं मला बरोबर वाटत नाही. मुलाची परीक्षा संपली आहे. त्याला "चल, व्यायाम होईल" म्हणून नेऊ नका. "माझ्याबरोबर कुणीतरी हवं आहे" म्हणून न्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपली गरज आहे हे ऐकायला आवडतं.

पावसाळ्यात वेळापत्रक ढासळेल. ढासळू द्या. सर ओसरली की खाली उतरायचं, छत्री घेऊन पाच मिनिटं उभं राहिलं तरी तो दिवस धरायचा. ताम्हिणीच्या धबधब्याखाली गर्दीत वर्षातून एकदा भिजण्यापेक्षा आपल्या फाटकाशी चाळीस दिवस पाऊस बघणं मला मोलाचं वाटतं. आपल्या जुन्या दिनदर्शिकेत बाहेर पडण्याची ही सोय होतीच. दसऱ्याला सीमोल्लंघन, कार्तिकात आवळीभोजन, हस्तात भोंडला. यंदा आवळीभोजनाचा डबा एखाद्या आवळ्याखाली नेऊन बघा. सासूबाईंकडे सांगण्यासारखं खूप काही असेल.

एक गोष्ट मात्र झाडावर सोपवू नये. दोन वर्षं झोप नाही, चिडचिड आहे, हे तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. चाळिशीत पाळीच्या बदलांमुळेही असं होतं, थायरॉइडमुळेही होतं. डॉक्टरांना हे सगळं सविस्तर सांगितलंत का? आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, उगाच रडू येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. झाड याच्या जोडीला आहे, याच्या ऐवजी नाही.

तुमच्यासारखीच पत्रं इतरांचीही येतात, त्यांच्यासाठी थोडं. नागपूरकरांनी एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचा हट्ट धरू नये. तिथे सातनंतरही जमीन भाजत असते, सकाळी सहा ते सातच बरी. मुंबईत लोकलनं जाणाऱ्यांनी स्टेशन आणि घर यांच्यातलं एखादं झाड निवडावं, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची वाट रविवारपर्यंत बघू नये. लंडनकडच्या वाचकांना डिसेंबरात चारला अंधार पडतो, त्यांनी दुपारचं जेवण आटोपून लगेच बाहेर पडावं. ढगाळ आकाशाखालीही तिथे घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट उजेड असतो, आणि झोपेचं घड्याळ लावायला तो उजेड लागतो. रात्रपाळीवाल्यांनी कामावर निघण्याआधीची दहा मिनिटं धरावी.

तर ताई, सोमवारी सहाचा चहा झाला, कप विसळून झाला की चपला घाला. बूट राहू देत रॅकमध्ये, खालच्या झाडापर्यंत जायला ते लागत नाहीत. निघताना सासूबाईंना विचारा, येता का. नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. वर आलात की खाली काय दिसलं ते त्यांना सांगा, आणि तेवढ्या वेळात त्यांना खिडकीतून काय दिसलं ते विचारा.